ताप उतरला त्या दिवसापासून

२५ जुलै २०२४ ला एकता नगरीत पाणी शिरलं आणि त्यानंतर आमच्या सिंहगड रस्त्याच्या भागात कुणालाही ताप आला की पहिलं नाव डेंग्यूचं निघायचं. जूनमध्ये एरंडवण्यात झिका सापडला होता, सोसायटीत सारखी धुरळणी चालू होती. त्यामुळे सोमवारी, ५ ऑगस्टला नवरा ‘अंग मोडून आलंय’ म्हणत ऑफिसातून लवकर आला आणि रात्री १०२ ताप भरला, तेव्हा आमच्याही डोक्यात डासच होते. वय ४६, बीपी नाही, शुगर नाही, दर रविवारी सायकलवर खडकवासल्यापर्यंत जाऊन येणारा माणूस. काळजी करावी असं काही वाटलंच नाही.

बुधवारी फॅमिली डॉक्टरांनी डेंग्यूची एनएस१, म्हणजे रक्तात त्या विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी, आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घेतली. दोन्हीचे मिळून १,४०० रुपये, रिपोर्ट संध्याकाळी. एनएस१ निगेटिव्ह, प्लेटलेट्स १ लाख ४२ हजार. ‘फ्लू वाटतोय,’ डॉक्टर म्हणाले. गोळीने ताप १००पर्यंत उतरत होता, धाप नव्हती. फ्लूच्या रुग्णांची सरकारी वर्गवारी असते, अ, ब आणि क. ‘अ’ म्हणजे सौम्य, घरी आराम, चाचणीची गरज नाही. ‘क’ म्हणजे धाप, छातीत दुखणं, ऑक्सिजन कमी, थेट दाखल. हा ‘अ’मध्ये होता. ताप चढाच राहिला किंवा दम लागला तर कधीही फोन करा, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं.

गुरुवारी ताप पुन्हा १०३ झाला आणि आम्ही फोन केला नाही. आमच्या औषधांच्या डब्यात २०२१ ची मेथिलप्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टिरॉइडची, उरलेली पट्टी होती. कोविडमध्ये दिराला डॉक्टरांनी दिली होती, तेव्हा त्याला उतार पडला होता. ‘तेच दुखणं असणार, घेऊन बघतो,’ हा म्हणाला. मी अडवलं नाही, उलट पाणी मीच आणून दिलं. गुरुवारी एक, शुक्रवारी दोन. शुक्रवारी संध्याकाळी ताप उतरला. याने चार दिवसांनी वरणभात खाल्ला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी कितीतरी रात्रींनंतर सलग झोपले.

शनिवारी, १० तारखेला सकाळी ताप ९९ होता, पण दात घासून येईपर्यंत हा बेसिनला धरून उभा राहिला. जुना ऑक्सिमीटर शोधला. बसल्या बसल्या ९१. घरातल्या घरात चाळीस पावलं चालवून पाहिलं तर ८६. हे ‘चालवून बघणं’ कोविडमध्ये शिकलो होतो आणि ते आजही उपयोगाचं आहे. बोट गरम असू द्या, नेलपॉलिश काढा, आकडा अर्धा मिनिट स्थिर राहू द्या आणि मगच लिहा. ओठ कोरडे, बोलताना वाक्य अर्ध्यात तुटत होतं. ताप नव्हता म्हणून तो अजूनही ‘सोमवारी दाखवू’ म्हणत होता.

उड्डाणपुलाच्या कामामुळे सिंहगड रस्ता सकाळपासून तुंबलेला. अँब्युलन्सची वाट न पाहता दिराच्या गाडीने निघालो आणि सव्वाचार किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. असं करू नका. अँब्युलन्समध्ये ऑक्सिजन असतो, गाडीत नसतो. वाटेत आकडा ८३ला गेला होता.

कॅज्युअल्टीत एक्स-रे काढला. दोन्ही फुफ्फुसं खालच्या बाजूला पांढरी. घशातल्या आणि नाकातल्या स्वॅबचे ४,५०० रुपये, अनामत ५०,०००. मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रिपोर्टची वाट न पाहता त्यांनी तासाभरात ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध सुरू केलं, ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वात चांगलं लागू पडतं. आम्ही सहाव्या दिवशी पोचलो होतो. तरीही आजार गंभीर असेल तर उशिरानेसुद्धा देतात. रविवारी संध्याकाळी रिपोर्ट आला : इन्फ्लुएंझा ए, एच१एन१. म्हणजे आपण अजूनही ज्याला स्वाइन फ्लू म्हणतो तो. २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला त्याचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता. तेव्हा मी कॉलेजात नोकरीला लागले होते, तोंडाला रुमाल बांधून बसने जायचे. आता तो दर पावसाळ्यात येणारा नेहमीचा फ्लू झाला आहे आणि म्हणूनच आपण त्याला मोजत नाही.

सोमवारी महापालिकेच्या आरोग्य विभागातून फोन आला. घरात कोण कोण, कुणाला ताप, कुणाला मधुमेह. ७४ वर्षांच्या, मधुमेही सासूबाईंची मला सर्वात जास्त धास्ती होती. त्यांना दोन दिवस सर्दी झाली आणि संपली. याचं कारण पुढे डॉक्टरांनी सांगितलं. १९५७ पर्यंत एच१एन१चे जुने भाऊबंद जगात फिरत होते. लहानपणी ज्यांची त्यांच्याशी गाठ पडली त्यांच्या शरीराला ती ओळख पुष्कळदा राहिलेली असते. २००९ च्या साथीत म्हाताऱ्यांपेक्षा तरुण जास्त आजारी पडले त्याचं हे एक कारण.

सोमवारीच आयसीयू. नाकात जाड नळ्या, त्यातून मिनिटाला ६० लिटर गरम, दमट ऑक्सिजन. शरीरातला दाह दाखवणारा सीआरपी १८६, जो निरोगी माणसात एक आकडी असतो. दाहाचीच दुसरी खूण, फेरिटिन, २,१४०. पांढऱ्या पेशींतले लिम्फोसाइट्स फक्त ७ टक्के. मी शाळेची जुनी वही उघडली आणि दर दिवसाला एक पान केलं. आयसीयूच्या दारात डॉक्टर दिवसातून एकदाच, पाचसात मिनिटं भेटतात. तेव्हा ‘कसा आहे?’ विचारलं की ‘क्रिटिकल बट स्टेबल’ एवढंच हाती लागतं. तिसऱ्या दिवसापासून मी एकच आकडा विचारायला लागले, पी-एफ रेशो. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब भागिले देत असलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण. याचा दाब ७१, ऑक्सिजन ६० टक्के, म्हणजे ७१ भागिले ०.६, आले ११८. निरोगी माणसात हा ४००च्या वर असतो. ३००च्या खाली गेला की एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसं पाण्याने भरून निकामी होणं, म्हणतात, २००च्या खाली मध्यम, १००च्या खाली गंभीर. कुणी तुमचं माणूस आयसीयूत असेल तर हा एक आकडा रोज मागून घ्या. डॉक्टरही मग जास्त मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

मंगळवारी रात्री, १३ तारखेला, रेशो ९२ झाला. सव्वाअकराला व्हेंटिलेटरच्या संमतीपत्रावर सही केली. नळी घालण्याआधी दोन मिनिटं आत सोडलं. हा म्हणाला, ‘पासबुक डाव्या खणात आहे.’ मी हो म्हटलं.

त्याच रात्री मला ‘असं का झालं’ याचं उत्तर मिळालं. सोसायटीतल्या काकूंनी गुळवेलीचा काढा थर्मासमध्ये पाठवला होता, प्रतिकारशक्ती वाढायला. प्रेमाने पाठवला होता. मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना विचारलं, याची प्रतिकारशक्ती इतकी कमी कशी झाली? ते जेमतेम तिशीतले. चहाचा कागदी कप हातात धरून बाकावर शेजारी बसले आणि एक्स-रेच्या पिवळ्या पाकिटाच्या पाठीवर द्राक्षांचा घोस काढला.

‘ताई, कमी नाही झाली,’ ते म्हणाले. ‘तिची वेळ चुकली.’

प्रत्येक द्राक्ष म्हणजे फुफ्फुसातला हवेचा फुगा, वायुकोश. त्याच्याभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. विषाणू आतल्या अस्तराच्या पेशीत शिरला की पहिल्या काही तासांत त्या पेशीने इंटरफेरॉन सोडायचा असतो. इंटरफेरॉन म्हणजे शेजारच्या पेशींना दिलेली हाक : दारं लावून घ्या. ही हाक वेळेत गेली तर आजार सर्दीखोकल्यावर निभावतो. फ्लूच्या विषाणूकडे एक प्रथिन असतं जे नेमकी हीच हाक दाबतं. त्याचंही नाव एनएस१. आमची निगेटिव्ह आलेली एनएस१ डेंग्यूची होती. फ्लूचं हे वेगळं प्रथिन, फक्त नाव सारखं. मला त्या रात्री ते नाव दोनदा ऐकून फार विचित्र वाटलं.

हाक दबली की विषाणूला दोनतीन दिवस मोकळं रान मिळतं. मग शरीराला उशिरा कळतं, आणि तोवर विषाणू इतका पसरलेला असतो की प्रतिसादही तेवढाच मोठा येतो. भक्षक पेशी आयएल-६ आणि तशीच इतर रसायनं सोडतात, ती आणखी पेशी बोलावतात, त्या आल्या की आणखी रसायनं. यालाच सायटोकाइन स्टॉर्म, म्हणजे या रसायनांचं वादळ, म्हणतात. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी विषाणूसाठी जे सोडतात त्याने आपलंच अस्तर भाजतं. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशात झिरपतं. आतून ऑक्सिजन कितीही ढकला, तो पाण्यातून रक्तापर्यंत पोचत नाही. मला एकता नगरीतली तळमजल्यावरची घरं आठवली.

‘म्हणून ताप उतरला तरी दम वाढला,’ डॉक्टर म्हणाले. तेव्हा मी स्टिरॉइडच्या तीन गोळ्यांचं सांगितलं. कॅज्युअल्टीत सांगितलं नव्हतं, लाज वाटली होती. त्यांनी फाइल उघडून आधी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, या तीन गोळ्यांनीच झालं असं कुणी म्हणू शकणार नाही, तुम्हीही म्हणू नका. पण स्टिरॉइडने ताप झाकला जातो, आणि विषाणू वाढत असताना बचाव आणखी ढिला पडतो. आम्ही तो सगळा उतार समजलो होतो. दाखल करताना घरी घेतलेली प्रत्येक गोळी सांगा, अगदी काढासुद्धा. रागावायला तिथे कुणाला वेळ नसतो.

मी लगेच उलटं विचारलं : मग आता तेच स्टिरॉइड द्या ना, कोविडमध्ये देत होते, ते आयएल-६ रोखणारं महागडं टोसिलिझुमॅबही देत होते. पैशाचं आम्ही बघू. त्यांचं उत्तर मी नंतर वहीत जवळजवळ जसंच्या तसं उतरवलं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या औषधचाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू साधारण एकतृतीयांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना मात्र फायदा झाला नाही. म्हणजे तिथेही वेळच महत्त्वाची. फ्लूमध्ये स्टिरॉइडने जीव वाचतो असा तसा पुरावा नाही. उलट विषाणू जास्त काळ राहण्याची आणि वरून जिवाणूंचा न्यूमोनिया होण्याची भीती असते. रक्तदाब सावरेना तर थोडं द्यावं लागेल, नाहीतर नाही. ‘सगळी वादळं एका औषधाने शमत नाहीत,’ असं म्हणून ते राउंडला गेले. काढ्याचा थर्मास मी तसाच घरी नेला.

याच्यासारख्या धडधाकट माणसाची हाकच का दबावी, याचंही थोडं वाचलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या झाँ-लॉराँ कासानोवा यांच्या गटाने २०२० मध्ये जीवघेणा कोविड झालेले ९८७ रुग्ण तपासले. त्यांतल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली, आणि त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. पुढे गंभीर फ्लूच्याही काही रुग्णांत तीच सापडली. वरून काहीही दिसत नाही, माणूस डोंगर चढत असतो. आमची ती तपासणी झाली नाही. नेहमीच्या लॅबमध्ये ती होत नाही. पण ‘व्यायाम करूनही तुला असं कसं झालं’ हा प्रश्न लोक आजाऱ्याला विचारतात ना, तो विचारू नये एवढं मला त्यातून कळलं.

१४ ते १७ तारीख रोज सोळा तास पालथं. एकदा काचेतून पाहिलं. पाच जण होते. डोक्याशी भूलतज्ज्ञ, एक हात नळीवर. दोन सिस्टर, दोन मामा. ‘एक, दोन, तीन’ म्हणून आधी कडेला सरकवलं, मग कुशीवर थांबवलं, वायरी मोजल्या, मग पालथं. छातीखाली उशी, कपाळाखाली मऊ गोल. पाठीकडचं फुफ्फुस मोकळं व्हावं म्हणून हे करतात. पहिल्याच दिवशी रेशो ९२ वरून १४६ झाला. संध्याकाळी सरळ केल्यावर चेहरा सुजलेला आणि गालावर नळी बांधायच्या पट्टीचा लाल, खोल ठसा. एका मावशींनी मला न विचारता तिथे व्हॅसलीन लावलं. १५ ऑगस्टला खाली रुग्णालयाच्या आवारात झेंडावंदन चाललं होतं, वर आकडा १५८.

सोमवारी, १९ ला राखीपौर्णिमा. नणंद नगरहून आली. मनगटाला सुया होत्या, संसर्गाची भीती होती, म्हणून बांधू देईनात. सिस्टरांनी राखी स्वच्छ पिशवीत घालून पलंगाच्या कठड्याला बांधली. गुंगी त्या दिवशी कमी करत होते. रेशो २३८ होता. २० तारखेला नळी निघाली. पहिले दोन दिवस तो असंबद्ध बोलत होता, मला ओळखून ‘ऑडिटवाल्या मॅडम’ म्हणत होता. मी बाहेर येऊन रडले. आयसीयूतून आलेल्यांना असं होतं आणि उतरतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. घरचं घड्याळ, चष्मा आणि लेकीचा आवाज, यांनी तो सावरला. २३ ला वॉर्डात, २७ ला घरी.

आता पैसे. एकूण बिल ८,७४,०००. आमची पॉलिसी ५ लाखांची, वर दुसऱ्या कंपनीचा टॉप-अप. कॅशलेसचा अर्ज शनिवारीच विमा काउंटरवर दिला. रविवारी ‘पहिल्या तपासणीचा कागद द्या’ अशी विचारणा आली. फॅमिली डॉक्टरांची बुधवारची चिठ्ठी मी सुदैवाने टाकली नव्हती. मूळ चिठ्ठ्या जपा, थर्मल कागदावरच्या बिलांचे लगेच फोटो काढा, काही महिन्यांत ती कोरी होतात. दर दोनतीन दिवसांनी वाढीव मंजुरी मागावी लागते. ते काम रुग्णालयाचं असतं, पण रोज सकाळी जाऊन मी विचारत राहिले. नियमाप्रमाणे डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी, आम्हाला साडेपाच लागले. उशिरामुळे रुग्णालयाने जास्तीचा खर्च लावला तर तो विमा कंपनीने सोसायचा असतो. विमा नियामकाचं मे २०२४ चं परिपत्रक मोबाइलवर ठेवा, काउंटरवर दाखवता येतं.

पॉलिसीने ५ लाख दिले. ३,७४,००० आम्ही भरले, एफडी मोडून आणि भावाकडून घेऊन. त्यातले ६८,००० हातमोजे, गाऊन, नोंदणी असल्या न मिळणाऱ्या बाबींचे. उरलेले ३,०६,००० टॉप-अपकडून परत मागायचे. त्यासाठी आयसीयूचे सगळे कागद लागतात. रेकॉर्ड विभागात ‘दोन आठवडे लागतील’ म्हणाले. मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि त्यात लिहिलं की मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रं देणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. चौथ्या दिवशी मिळाले, २१२ पानं. क्लेम १२ सप्टेंबरला टाकला. ९ ऑक्टोबरला उत्तर आलं : खोलीभाडं मर्यादेपेक्षा जास्त होतं म्हणून त्याच प्रमाणात सगळ्याच खर्चात कपात, १,०४,००० कमी. पॉलिसीची छोटी अक्षरं वाचत एक रविवार घालवला. आयसीयूला, औषधांना आणि तपासण्यांना ही कपात लागू नाही, असं त्यांच्याच कागदात होतं. ते कलम उतरवून तक्रार कक्षाला मेल केला, महिन्यात उत्तर न आल्यास बीमा लोकपालांकडे जाईन असं लिहिलं. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, शुल्क नाही, वकील लागत नाही. जायची वेळ आली नाही. महिना उलटता उलटता मंजुरीचा मेल आला आणि २२ नोव्हेंबरला पैसे जमा झाले.

घरी आल्यावर पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने घेतला, महिना ४,५००, अनामत १०,०००. वीज गेली तर म्हणून छोटा सिलिंडरही. तो दोन आठवडेच लागला. फिजिओथेरपी मात्र तीन महिने. वजन ११ किलो उतरलं होतं, मांड्या हाताने चेपल्या तर हाड लागायचं. पहिल्या आठवड्यात पलंगावरून उठून दहा वेळा उभं राहणं हा पूर्ण व्यायाम होता. त्या वर्षी ७ सप्टेंबरला गणपतीला याने खुर्चीवर बसून आरती केली, टाळ वाजवला, म्हणता आली नाही.

ऑक्टोबरच्या सीटीमध्ये व्रणाच्या रेषा राहिल्या होत्या, आणि फुफ्फुसातून वायू रक्तात किती जातो त्याची डीएलसीओ तपासणी ६१ टक्के. जानेवारीत ७८. फ्लूची लस आम्ही चौघांनी नोव्हेंबरमध्ये घेतली, एकेक १,८०० च्या आसपास. दरवर्षी घ्यावी लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्याआधी घेतलेली बरी, म्हणून यापुढे मे महिन्यात घेणार आहोत. औषधांचा डबा रिकामा केला. त्यात आता पॅरासिटामॉल, ओआरएस, थर्मामीटर आणि नव्या सेलचा ऑक्सिमीटर आहे.

आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, पण हा आता पुन्हा जिन्याने येतो. दुसऱ्या मजल्यावर थांबतो, कठड्याला टेकून बोटाला ऑक्सिमीटर लावतो. काल ९४ होता, मिनिटभरात ९७. मग पुढचे दोन मजले. पुढची तपासणी जुलैत आहे.